थंड पाण्याचे नऊ दिवस

मित्रांनो, तुम्ही रोज जिना चढता-उतरता. कंटाळा आला की पायऱ्या मोजता, कठड्यावरून हात सरकवत जाता, कोणाच्या घरी काय शिजते आहे त्याचा वास घेता. पण जिथे पायऱ्या वळतात, त्या चौकोनी सपाट जागेकडे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? नसेलच पाहिले. ती जागा म्हणजे मी. मी जिन्याचा एक जुना, काँक्रीटचा टप्पा आहे. माझ्या खाली नऊ पायऱ्या उतरले की तिसरा मजला आणि वर नऊ पायऱ्या चढले की चौथा. मी ना तिसऱ्याचा ना चौथ्याचा. घराच्या पत्त्यात मजला येतो, खोलीचा क्रमांक येतो, पण माझे नाव कोणी लिहीत नाही.

याचे मला पूर्वी फार वाईट वाटायचे. आता वाटत नाही. का वाटत नाही, तेच आज सांगायला बसलो आहे. म्हणजे बसलेला तर मी जन्मापासूनच आहे.

माझा जन्म झाला तो दिवस आठवड्याचा शेवटचा होता. फळ्यांचा साचा तयार होता, लोखंडी सळ्या बांधून झाल्या होत्या आणि ओल्या काँक्रीटच्या बादल्या हातोहात वर येत होत्या. खालचे टप्पे गवंड्याने असे घोटले होते की त्यांत तोंड दिसावे. माझ्यापर्यंत येईतो त्याची कंबर मोडून गेली होती. त्याने माझ्यावरून लाकडी रंधा दोनदा फिरवला आणि बाजूला ठेवला. बादल्या वाहणारी एक मजूर बाई म्हणाली, "अहो, याला अजून घोटायला हवं ना? खरखरीत राहिलंय."

"राहू दे," गवंडी म्हणाला. "इथे कोण बसणार आहे? जायचं-यायचं तर आहे."

मित्रांनो, काँक्रीट ओले असताना त्याच्यावर जे उमटते ते कायमचे राहते. ते वाक्य माझ्यावर तसेच राहिले. इथे कोण बसणार आहे! खरे तर गवंड्याच्या मनात काही वाईट नव्हते. त्याला घरी जायचे होते. पण माझे तोंड त्यामुळे जन्मभर खडबडीत राहिले आणि अंगभर बारीक छिद्रे राहिली. काँक्रीट दिसते दगडासारखे, पण ते पाणी पिते. मी तर माझ्या भावंडांपेक्षा दुपटीने पितो.

पुढचे सात दिवस त्या मजूर बाईने माझ्यावर ओले गोणपाट पसरून ठेवले. सकाळ-संध्याकाळ ती बादली घेऊन यायची आणि गोणपाटावर थंड पाणी शिंपडायची. सिमेंट असे पाणी पीत पीतच घट्ट होते. तेव्हापासून थंड पाण्याशी माझे जे नाते जुळले ते जुळलेच. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग इमारतीत माणसे राहायला आली आणि माझी नोकरी सुरू झाली. काम एकच, लोकांना वळवून देणे. मी किती पाय पाहिले! पायांवरून मी माणूस ओळखतो. दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवून चढतात. ते गच्चीवर ऊन खायला जातात तेव्हा त्यांच्या खिशातला खडूचा तुकडा किल्ल्यांवर वाजतो. शाळा सुटून वर्षे झाली, तरी खडू सुटलेला नाही. तिसऱ्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या काकू राहतात. त्यांच्या चपलेला नेहमी एखादा धागा चिकटलेला असतो. एकदा चौथ्या मजल्यावर न्यायचे एक कपाट माझ्यावर असे अडकले की दीड दिवस निघाले नाही. लोक त्याच्या खालून रांगत ये-जा करत होते आणि मास्तर खालच्या पायरीवरून सूचना देत होते. तेव्हा हमालांपैकी एक जण म्हणाला होता, "बरं झालं, इथे एवढी तरी जागा आहे." माझी झालेली स्तुती ती एवढीच. ती मी पुढे कित्येक वर्षे पुरवून खाल्ली.

बाकी सगळा आनंद. माझ्यावरचा दिवा गेला तो कोणी बदलला नाही. कोपऱ्यात धूळ साचली. जिने पुसणाऱ्या मावशी आठवड्यातून दोनदा यायच्या आणि वरपासून खालपर्यंत एकच फडके फिरवत जायच्या. मी हळूहळू काळपट होत गेलो. मळ अंगात मुरला की तो आपला रंगच वाटू लागतो. तसे मला वाटू लागले होते.

चौथ्या मजल्यावर एक जोडपे राहायचे. तो बस चालवायचा आणि ती टपाल कचेरीत पत्रे वेगळी करायची. तो पहाटे धाडधाड उतरायचा, माझ्यावर त्याचे एकच पाऊल पडायचे. ती सावकाश यायची. त्या वर्षी ती आणखी सावकाश येऊ लागली, तिचे पाऊल जड होऊ लागले, आणि माझ्या ध्यानात आले की आता दोन माणसे एका माणसाच्या पायांनी चालत आहेत.

ती सकाळ मी विसरणार नाही. दहा वाजले असतील. ती कपड्यांची पिशवी घेऊन एकटीच उतरत होती. पोटात थोडेथोडे दुखू लागले होते म्हणून दवाखान्यात निघाली होती. दिवस भरायला अजून आठवडा होता, म्हणून नवरा कामावर गेलेला. माझ्यापर्यंत नऊ पायऱ्या उतरली आणि तिने कठडा घट्ट धरला. पिशवी सोडली. मग ती हळूच खाली वाकली आणि माझ्यावर बसली.

इतक्या वर्षांत माझ्यावर बसलेले ते पहिले माणूस.

"काकू!" तिने हाक मारली. "काकू, लवकर या!"

काकू गळ्यात मोजपट्टी तशीच ठेवून धावत वर आल्या. एका नजरेत त्यांना कळले. त्यांनी खाली ओरडून मास्तरांना रुग्णवाहिकेला फोन करायला सांगितले, घरात जाऊन कोणाचे तरी शिवायला आलेले नवेकोरे पडदे आणले आणि तिच्या अंगाखाली अंथरले.

"काकू, मला उठवा. दवाखान्यात—"

"आता कुठला दवाखाना, पोरी. तो निघालाय. माझा हात धर. हाडं मोडली तरी चालतील, धर."

पुढचे मला नीट सांगता येणार नाही. मी साधा टप्पा आहे. लोकांना वळवून देणे एवढेच मला ठाऊक. पण त्या सकाळी खालून वर किंवा वरून खाली न येता एक माणूस थेट माझ्यावर आला. जिन्यात आवाज घुमतो हे तुम्हाला माहीत आहे. त्याने पहिला टाहो फोडला आणि पाचही मजल्यांनी तो एकामागून एक उचलला. मास्तर खालच्या पायरीवर टेलिफोनची वही हातात धरून उभे होते, त्यांनी ती वहीच डोळ्यांना लावली. माझ्या अंगावर काटा येण्याची सोय असती तर तो तेव्हा आला असता.

आणि मग रक्त आले. पडदे भिजून गेले आणि त्यातून झिरपून ते माझ्यापर्यंत पोचले. मला आधी फक्त ऊब कळली. मी उन्हात नसतो, माझ्यावर चूल नसते, त्यामुळे इतके ऊबदार काही मला कधी लागलेच नव्हते. माझी छिद्रे गवंड्याने बुजवली नव्हती ना, त्या प्रत्येक छिद्राने ते पिऊन घेतले. मला काय कळणार की ते थांबायला हवे होते? रुग्णवाहिकेतली परिचारिका वर आली. नाळ कापून तिने बाळ काकूंच्या हातात दिले, आईकडे पाहिले आणि तिचा चेहरा बदलला. "चला, चला, लवकर," ती म्हणाली. दोन मिनिटांत सगळे खाली गेले. मागे मी राहिलो, भिजलेले पडदे राहिले आणि रक्त राहिले.

रुग्णवाहिकेत जागा नव्हती, म्हणून बाळ परिचारिकेकडे देऊन काकू परत आल्या आणि पडदे गोळा करून घरात गेल्या. तेवढ्यात बसवाला आला. डेपोत निरोप एवढाच गेला होता की घरी अडचण आहे, लगेच जा. मधल्या माणसांनी निरोपाचे शेपूट तोडले होते. म्हणून तो दवाखान्यात न जाता घराकडे धावत सुटला होता. तीन-तीन पायऱ्या एकदम चढत तो वळला आणि माझ्यासमोर आला.

त्याला कोणी काही सांगायच्या आधी त्याने मला पाहिले, मित्रांनो. बायकोची पिशवी कठड्याशी पडली होती आणि तिच्यासमोर रक्ताचा केवढा तरी डाग होता. तो कठडा धरून नुसता उभा राहिला. त्याची थरथर कठड्यातून माझ्यापर्यंत येत होती. मनात त्याने त्या दोघांना गमावले होते.

काकू आवाज ऐकून बाहेर आल्या. "अरे बाबा, आहेत! दोघंही आहेत! मुलगा झालाय. दवाखान्यात नेलंय, तू तिकडे पळ!"

तो पळाला. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. तो परत येईल तेव्हा त्याला हे दिसायला नको, एवढेच त्यांच्या मनात होते. त्यांनी मोठ्या पातेल्यात पाणी उकळले, दोन्ही हातांनी धरून आणले आणि माझ्यावर ओतले. मग दुसरे पातेले. मग साबण लावून खराट्याने घासले. लाल पाणी पायऱ्यांवरून वाहून गेले आणि माझ्यावर तपकिरी, गडद, कडा धरलेला डाग उरला. घासावा तितका तो पक्का दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिने पुसणाऱ्या मावशी आल्या. मावशींनी इथे येण्याआधी वीस वर्षे एका मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरची फरशी पुसली होती. रक्ताविषयी त्यांना जे ठाऊक होते ते त्या इमारतीत कोणालाच ठाऊक नव्हते. त्या माझ्यापाशी उकिडव्या बसल्या, बोटाने डागाची कड चाचपली आणि मान वर केली.

"गरम पाणी कोणी ओतलं?"

"मी," काकू म्हणाल्या. "उकळतं. दोन पातेली. ही घाण लवकर जावी म्हणून."

"घाण नका म्हणू, काकू. कोणाचं तरी आहे ते." मावशींनी पिशवीतून रबरी हातमोजे काढले. "मला एक सांगा, अंडं उकडलं की पुन्हा पातळ होतं का?"

"नाही."

"रक्ताचंही तसंच. गरम पाण्याने ते शिजतं आणि जागा धरून बसतं. रक्ताला नेहमी थंड पाणी."

काकूंच्या तोंडचे पाणीच पळाले. "म्हणजे मीच पक्का केला? माझ्या हाताने?"

"केलात खरा. पण मन लावून केलंत, त्यामुळे मन लावूनच काढू. आणा बघू जुनी फडकी."

त्यांनी माझ्यावर थंड पाणी ओतले. घासले नाही. जुनी सुती फडकी पाण्यात भिजवून माझ्यावर पसरली आणि तळहाताने दाबली. थोड्या वेळाने उचलली, धुतली, पुन्हा पसरली. मला माझे पहिले सात दिवस आठवले. गोणपाटानंतर असे ओले, थंड काही माझ्यावर पडलेच नव्हते. काकू फडकी पिळत होत्या आणि दर वेळी पाण्यात किती तपकिरी उतरले ते वाकून बघत होत्या.

त्या दिवशी दुपारी आम्हाला वरून पावले ऐकू आली. बसवाला चौथ्या मजल्यावर उभा होता. पण तो माझ्यावरून तर गेला नव्हता! मग कळले. या इमारतीला दोन जिने आहेत आणि दोन्ही वर गच्चीत निघतात. तो शेजारच्या जिन्याने पाच मजले चढून, गच्ची ओलांडून, आमच्या जिन्याने एक मजला उतरून घरी येत होता. शंभर माणसांची बस तो भर गर्दीतून नेत असे, पण माझ्यावर पाय ठेवायला तो धजत नव्हता.

"मावशी, जाईल का तो?" त्याने वरूनच विचारले.

"जाईल. ती कशी आहे?"

"रक्त चढवतायत. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस जाऊ दे."

"मग मलाही आजचा दिवस जाऊ दे."

तो हसला नाही. "मावशी, तो राहिला तर मी तिला इथे आणणार नाही. बहिणीकडे नेईन, दुसरी जागा बघेन. तिला घरीच यायचंय, सारखं विचारते खिडकीतल्या झाडांना पाणी घातलं का म्हणून. पण मला तो दिसला की वाटतं, ती दोघं गेली. नाही गेली हे माहीत असतं, तरी वाटतं. आणि गच्चीवरून तिला कसं आणू? इतके जिने ती चढू शकणार नाही."

मावशींनी फडके पुन्हा भिजवले.

माझ्यामुळे एक घर बंद पडणार होते, मित्रांनो. ते रक्त मी मागितले नव्हते, पण धरून तर मीच बसलो होतो. सोडून द्यावे असे मला फार वाटत होते. पण काँक्रीटला सोडता येत नाही, कोणीतरी ते धीराने काढून घ्यावे लागते.

तिसऱ्या दिवशी मास्तर आले. त्यांच्या हातात संडास साफ करायच्या ॲसिडची बाटली होती. "एका मिनिटाचं काम आहे," ते म्हणाले. "बाजूला व्हा."

"मास्तर, डाग जाईल आणि टप्पाही जाईल," मावशी म्हणाल्या. "ॲसिड सिमेंट खातं. खड्डा पडेल, आणि या बंद जिन्यात त्याची वाफ छातीत जाईल ती वेगळीच. शिवाय मी इथे दुसरं औषध घालणार आहे. दोन औषधं एकत्र झाली तर काय होईल, ते तुम्ही तरी सांगू शकता का?"

मास्तरांना ते सांगता येईना. आयुष्यात पहिल्यांदा असे झाले असावे. ते बाटली घेऊन खाली गेले आणि माझा जीव भांड्यात पडला.

चौथ्या दिवसापर्यंत वरचा शिजलेला थर सुटत आला होता. कपड्यांवरचे रक्ताचे, दुधाचे डाग पचवणारी धुण्याची पावडर मावशींनी थंड पाण्यात कालवून दोन दिवस लावली होती. त्या दिवशी त्यांनी औषधाच्या दुकानातून पेरॉक्साइडची बाटली आणली. जखमा धुवायला वापरतात तेच. आधी कोपऱ्यात चार थेंब टाकून माझा रंग बिघडत नाही ना ते पाहिले आणि मग डागावर ओतले.

क्षणभर काहीच झाले नाही. मग माझ्या आतून बारीक सरसर ऐकू आली. एका छिद्रातून पांढरा बुडबुडा वर आला, मग दहा, मग हजार. सगळा डाग पांढऱ्या फेसाने फुलून वर आला, उकळत्या दुधासारखा, आणि तोही थंडगार. काकू दोन पायऱ्या मागे सरकल्या.

"अगं बाई! जिवंत आहे की काय ते?"

मावशींनी आवाज खाली आणला. दवाखान्यात बोलावे तसा. "वरचं शिजलं होतं, खालचं नाही. रक्त आहे ते, काकू. या औषधाला रक्त भेटलं की असा फेस येतो. अंगात असलं काय न् जमिनीत पडलं काय, ते आपलं काम करतंच. वीस वर्षं बघितलं मी, पण अजून दर वेळी हात थांबतो."

दोघी तिथेच उभ्या राहिल्या. फेस वाढत होता, फुटत होता, पुन्हा येत होता. मीही थक्क झालो होतो. चार दिवस मी समजत होतो की माझ्या अंगात एक मेलेला डाग आहे. पण ज्या रक्ताने नऊ महिने एका जीवाला वाढवले, ते माझ्यासारख्या दगडी माणसाच्या अंगातही अजून काही तरी करत होते. त्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला की तिने डोळे उघडून स्वतःच्या हाताने बाळाला धरले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मलाही कळते. तरी मी दोन्ही एकत्रच आठवतो.

तरीही खोलवरचा तपकिरी रंग उरलाच. पाचव्या दिवशी मावशी म्हणाल्या, "आता हे आतून ओढून काढावं लागेल. पांढरी पूड हवी, पुष्कळ." हे मास्तरांच्या कानावर गेले आणि थोड्याच वेळात एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत ते वर आले. त्यांच्या हातात खडूंच्या चार पेट्या होत्या, न फोडलेल्या.

"निवृत्त झालो तेव्हा शाळेने दिल्या होत्या," ते म्हणाले. "फळा काही दिला नाही."

तिघांनी मिळून ते खडू कुटले. मावशींनी त्या पुडीत पेरॉक्साइड घालून दाट लगदा केला, माझ्यावर बोटभर जाड थापला आणि वर प्लास्टिक अंथरून कडा चिकटपट्टीने बंद केल्या. दीड दिवसाने प्लास्टिक काढून तो लगदा वाळू दिला. वाळताना तो माझ्या अंगातले ओढून घेत होता. अगदी आतून काही हलके हलके वर जात आहे असे मला वाटत होते. पुठ्ठ्याच्या तुकड्याने तो खरवडला, तर त्याची खालची बाजू तपकिरी झाली होती. पुन्हा नवा लगदा थापला.

नवव्या दिवशी सकाळी मावशींनी दुसरा लगदा काढला, थंड पाण्याने मला धुतले आणि फडक्याने टिपले. तपकिरी रंगाचा मागमूस नव्हता. काकूंनी टाळी वाजवली आणि वर पाहून हाक मारली, "अरे ये, ये, बघ! गेला!"

बसवाला आला. उद्या सकाळी बायकोला घरी सोडणार होते. तो चार पायऱ्या उतरला आणि थबकला.

"काकू, तो तसाच आहे," तो म्हणाला. "आता पांढरा झालाय फक्त."

खरे होते. माझे सगळे अंग वर्षानुवर्षांच्या मळाने काळे पडलेले आणि मधोमध डागाच्याच आकाराची, स्वच्छ, उजळ जागा! पूर्वी दिसत नव्हता इतका तो डाग आता दिसत होता.

मावशींनी वाकून पाहिले. मग कपाळावर हात मारून घेतला. "चूक माझी. दवाखान्यात सगळी फरशी रोज धुतलेली असायची, म्हणून हे डोक्यातच आलं नाही. इथे इतकी वर्षं मी नुसतं फडकं फिरवत होते." त्यांनी बादलीतून ताठ केसांचा ब्रश काढला आणि वर धरला. "ये बाबा. हे काम आता तुझं. नऊ दिवस वाकून माझे गुडघे गेले."

"मी?"

"डाग संपला. आता उरलाय तो मळ, तुमच्या सगळ्यांच्या पायांचा आणि माझ्या आळसाचा. मळाला घाबरतोस?"

तो उरलेल्या पायऱ्या उतरला. शेवटच्या पायरीवर थांबला. मावशींनी तोवर कडेकडेने साबणाचे पाणी ओतले होते आणि माझ्यावर कोरडी जागा एकच उरली होती. ती उजळ जागा.

"तिथे?" त्याने विचारले.

"दुसरीकडे घसरशील."

त्याने डोळे मिटले आणि पाऊल ठेवले. मग दुसरे. मग तो गुडघ्यांवर बसला, जिथे ती बसली होती तिथेच. त्याचे वजन माझ्यावर आले आणि कठड्यातून आली होती ती थरथर या वेळी थेट माझ्यात आली. मी जितके घट्ट राहता येईल तितके घट्ट राहिलो. मला दुसरे येते काय?

डाग जिथे संपत होता तिथून त्याने घासायला सुरुवात केली. मळ सुटला, कड पुसट झाली. तो पुढे सरकला, पुन्हा घासू लागला. त्याच्या नाकावरून घाम टपकत होता, की आणखी काही टपकत होते, ते मी सांगणार नाही. दुपारपर्यंत मी भिंतीपासून कठड्यापर्यंत एका रंगाचा झालो. तो उठला, मागे वळला आणि पाहत राहिला.

"कुठे होता?" तो म्हणाला. "मावशी, मला सापडत नाहीये."

आणि मग तो इतक्या मोठ्याने हसला की पाचही मजल्यांनी तेही उचलले. त्यानंतर कोणी न सांगता त्याने चौथ्या मजल्यापर्यंतच्या नऊ पायऱ्याही घासून काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. बाळ काकूंच्या हातात होते आणि तो तिला धरून एकेक पायरी चढवत होता. माझ्यापाशी आल्यावर ती म्हणाली, "थांबा जरा," आणि बसली. तोही तिच्याशेजारी बसला. काकू बाळाला घेऊन बसल्या. मावशी आणि मास्तर पायऱ्यांवर टेकले. माझ्यावर एवढी माणसे कधी बसली नव्हती.

"कुठे झाला हा?" तिने विचारले.

"इथे, भिंतीशी," तो म्हणाला.

"काहीतरीच! कठड्याशी," काकू म्हणाल्या. "मी होते ना इथे!"

ती तळहात माझ्यावर टेकवून हळूहळू फिरवत राहिली आणि एका ठिकाणी थांबली. "इथे. इथे खरखरीत आहे. माझ्या पाठीला टोचत होतं, तेवढंच मला आठवतं. त्या टोचण्यामुळे मी शुद्धीवर राहिले."

तिचे बरोबर होते. गवंड्याचा रंधा जिथे सर्वांत कमी फिरला होता, नेमकी तीच जागा.

मित्रांनो, मी फार शिकलेला नाही, तरी चार गोष्टी सांगतो. कोणाचे रक्त कुठे सांडले तर आधी जखमेकडे पाहा. मोठ्यांना बोलावा. मग थंड पाणी. आणि त्याला घाण म्हणू नका. जे लोक वाकून तुमचे जिने पुसतात त्यांना वाट द्या, त्यांच्या ओल्या पायरीवरून बूट घालून धावू नका. त्यांना पुष्कळ काही ठाऊक असते, फक्त कोणी विचारत नाही. आणखी एक. मावशींना वाटते सगळे निघाले. पण माझ्या अगदी तळाशी, जिथे ना औषध पोचले ना खडूची पूड, तिथे अजून थोडे आहे. तेवढे मी दिले नाही.

तो मुलगा आता तुमच्याएवढा झाला आहे. वरून येतो तो शेवटच्या तीन पायऱ्या सोडून माझ्यावर उडी मारतो आणि न थांबता पुढे जातो, बापासारखा. मी वाईट वाटून घेत नाही. पण परवा शाळेत निघताना त्याच्या बुटाची नाडी सुटली. तो माझ्यावर खाली बसला, नेमका त्या खरखरीत जागेवर, आणि सावकाश गाठ मारू लागला. त्याला काहीच ठाऊक नव्हते. मी मात्र मनातल्या मनात हाक मारली, अहो गवंडीदादा, या हो, बघा इथे कोण बसले आहे.